भुरीची पिशवी

सुलाबाईला कुणी रडताना बघितलं नव्हतं. निदान इकडं, तासगावच्या बाजूला, बेदाण्याच्या शेडवर राहायला आल्यापासून तरी नाही. तिची आई वारली तो निरोप फोनवर आला, तेव्हा ती बेदाणा निवडत होती. तिनं फोन ऐकला, समोरचा ढीग निवडून संपवला, काड्या एका बाजूला लोटल्या आणि मग उठून हात धुतले. बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. "काळीज हाय का दगड?" असं पाठीमागून कुणीतरी म्हणालंसुद्धा. ते तिला ऐकू आलं. त्याचं तिला वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला पाहिजे होतं, एवढं मात्र कळलं.

तिचं सासर पूर्वेला, जतच्याही पलीकडं, जिथं बोलण्यात निम्मी कानडी मिसळते. घरात आज्या-पणज्यापासून मेंढरं. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाकडं उतरायचं आणि पावसाच्या सुमारास मागं फिरायचं, असा संसार तिनं निम्मं आयुष्य केला. पुढं नवऱ्याचे, हरिबाचे, गुडघे गेले. रानं बागायती झाली, कळपाला बसायला जागा उरली नाही. मेंढरं विकून हरिबा तासगावजवळच्या एका बागायतदाराच्या शेडवर राखणीला आला. शेडला लागून पत्र्याच्या दोन खोल्या मिळाल्या. हरिबा राखण करायचा, सुलाबाई हंगामात बेदाणा निवडायची, मुलगा बिरदेव मालाचा छोटा टेम्पो चालवायचा. गरीबच, पण बरं चाललं होतं.

कळपातलं एकच जित्राब त्यांच्याबरोबर इकडं आलं होतं. ती भुरी. राखेच्या रंगाची, लांब तोंडाची, उंच पायांची कुत्री. तिच्या नावावरून शेडचा मालक नेहमी कुरकुरायचा. द्राक्षाच्या रोगाला भुरी म्हणतात, आणि बागायतदाराला त्या रोगाचं नाव घेतलं तरी धडकी भरते. "अवो सुलाबाई, दुसरं कायतरी नाव ठेवा की. तुमी भुरी भुरी म्हणून हाळी दिली की माजं निम्मं रगात आटतंय," म्हणायचा. सुलाबाई नुसतं बघायची आणि पुन्हा त्याच नावानं हाक मारायची.

भुरीवर तिचा जीव होता का, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. ती भाकरी घालायची, गोचिड्या काढायची. भुरी दिवसभर तिच्या पायाशी पडून असायची. एवढंच.

त्या वर्षी मार्चमध्ये ऊन फार लवकर तापलं. शेडमधल्या जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली, वाळत्या मालाचा गोडूस वास, आणि त्या वासात भुरीनं खाणं सोडलं. नुसतं पाणी प्यायची. घमेलंभर पाणी पिऊन पुन्हा कोरड्या जिभेनं घमेल्याशी येऊन बसायची. तिचं पोट वाढलं होतं.

"गाभण असंल," हरिबा म्हणाला. "खाटंखाली पोतं टाकून ठिव."

सुलाबाईनं पोतं टाकलं. पण दुसऱ्या दिवशी तिनं भुरीच्या पोटाला हात लावला, तेव्हा तिला ते बरोबर वाटलं नाही. गाभण्या मेंढ्यांच्या पोटावरून तिचा हात आयुष्यभर फिरला होता. आतलं पिल्लू हाताला सरकतं, ढुशी देतं. इथं तसं काही नव्हतं. नुसतं तटतटलेलं, गरम पोट. हात लावल्यावर भुरी कण्हली आणि तिनं सुलाबाईच्या मनगटावर दात टेकवले. चावली नाही, टेकवले फक्त.

तिसऱ्या दिवशी सकाळी भुरी उठेना. तोंडाजवळ पिवळं ओकलेलं होतं. सुलाबाईनं हाक मारली तर शेपटीचं टोक तेवढं हललं.

"बिरदेव, टेम्पो काढ," ती म्हणाली.

"आई, आज माल हाय. सांगलीच्या मार्केट यार्डावर वेळेत पोचायला लागतंय."

"मालासंगं मलाबी घे."

हरिबा खाटेवर उठून बसला. "कुत्र्यापायी कुठं निघालीस? वय झालं तिचं. जगायची असंल तर जगंल."

ती उठली. बेदाण्याच्या रिकाम्या क्रेटमध्ये जुनं लुगडं अंथरलं, भुरीला दोन्ही हातांवर उचलून त्यात ठेवलं आणि क्रेट मांडीवर घेऊन पुढं बिरदेवच्या शेजारी बसली. पोरगं आईकडं बघत राहिलं. आई कशासाठी तरी हट्टानं निघालीय, असं त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर नव्हते, लसीकरणासाठी वाड्यावस्त्यांवर गेले होते. तिथल्या माणसानं वाकून भुरीच्या हिरड्या बघितल्या, पोट बघितलं आणि सांगितलं, "इथं थांबून वेळ घालवू नका. सांगलीला न्या. तिथं कुत्र्यांची डॉक्टरीण हाय, ऑपरेशन करत्यात." नाव-पत्ता बिरदेवला समजावून दिला.

सांगलीच्या वाटेवर कवलापूर गेलं, बुधगाव गेलं. माधवनगरला गाड्या तुंबल्या होत्या. समोर उसाचे दोन ट्रॅक्टर, मागं एसटीचा हॉर्न. बिरदेव स्टिअरिंगवर बोटं आपटत होता. सुलाबाई भुरीच्या छातीवर हात ठेवून बसली होती. श्वास उथळ आणि घाईचा होता. तिला भीती वाटत नव्हती. तिला काहीच वाटत नव्हतं, आणि रस्त्यावर फार ऊन होतं.

डॉक्टरीण वयानं लहानच होती. प्रांजल मगदूम तिचं नाव. केस घट्ट बांधलेले, पायात स्लीपर. क्रेट बघताच तिनं आधीच्या माणसाला थांबायला सांगून भुरीला टेबलावर घेतलं. ताप बघितला, पायाचे केस कापून सलाईन लावलं, मग पोटावर जेल चोळून मशीनची डबी फिरवली. पडद्यावर करड्या रंगात काळी काळी भोकं दिसली.

"हे बघा मावशी," ती म्हणाली, "हे काळं दिसतंय ना, हा सगळा पू आहे. ही गाभण नाही. हिच्या गर्भाशयात पू भरलाय. तोंड बंद आहे, म्हणून बाहेर यायला वाट नाही. आत फुटलं तर हातात काही राहणार नाही. पिशवी काढावी लागेल. आत्ताच."

सुलाबाईच्या कानात तेवढाच शब्द राहिला. पिशवी.

हा शब्द तिनं याआधी एकदा, स्वतः टेबलावर आडवी पडून ऐकला होता. तेव्हा ती तिशीच्या जरा पुढं होती. कळप एका बाजारगावाजवळ बसवलेला. तिला कंबरेत कळा यायच्या, अंगावरून जायचं. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं तपासलं आणि तिच्या डोक्यावरून पलीकडं उभ्या असलेल्या हरिबाला सांगितलं, "पिशवी खराब झालीय. काढून टाका. ठेवली तर पुढं कॅन्सर होईल." एवढंच बोलणं झालं. हरिबानं मान हलवली, अंगठा दिला. तिच्या जावेची पिशवीही तिथंच काढली होती. बाईचं असंच असतं, असं सगळे म्हणाले. बिरदेवच्या पाठीवर एक मुलगी व्हावी, असं तिच्या मनात होतं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि सांगायला कुणी विचारलंही नव्हतं.

टाके निघायच्या आत ती पुन्हा कळपामागं चालत होती. पुढं अंगातून वाफा यायला लागल्या, हाडं ठणकायला लागली. आणि कधीतरी तिच्या ध्यानात आलं, की आपल्याला रडू येत नाही. पूर्वी एखादं कोकरू लांडग्यानं नेलं तरी ती दोन दिवस जेवायची नाही. आता कोकरू गेलं तर गेलं. कळप विकला त्या दिवशी ट्रक दिसेनासा झाल्यावर तिनं लेंड्या झाडून काढल्या आणि चूल पेटवली.

"मावशी?" डॉक्टरीण म्हणत होती. "घरी कुणाला विचारायचंय का?"

"न्हाई," सुलाबाई म्हणाली. मग तिनं विचारलं, "काढायलाच लागंल का? औशिदानं न्हाई का व्हायाचं?"

"लवकर आला असता तरी मी काढायलाच सांगितली असती. आता तर दुसरा रस्ताच नाही. आणि खोटं सांगत नाही, काढतानासुद्धा ती जाऊ शकते. ताप आहे, अंगात विष भिनलंय. पण नाही काढली तर नक्की जाईल."

"खराब झाल्याली नसंल तर?"

डॉक्टरणीनं पुन्हा डबी पोटावर टेकवली. मशीन सुलाबाईच्या बाजूला वळवलं. कुठं काय आहे, चांगली असती तर कशी दिसली असती, ते बोट ठेवून सांगितलं. सुलाबाईला सगळं कळलं असं नाही. पण ती शेवटपर्यंत बघत राहिली.

"माणसात बी असंच दिसतं का, बाई? बायकांचं?"

"मशीन तसंच असतं. पण माणसांचं मला सांगता यायचं नाही मावशी. त्यासाठी बायकांच्या डॉक्टरला विचारा." एवढं बोलून तिनं सुलाबाईकडं नीट बघितलं. "का? तुम्हाला काही त्रास आहे?"

"न्हाई. मला आता कसला तरास." कागद पुढं आला तेव्हा सुलाबाईनं पेन मागून घेतलं. बिरदेव सही करायला पुढं झाला होता, त्याला तिनं कोपरानं मागं सारलं. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही तिनं सावकाश, एकेक अक्षर जोडत केली.

भुरीला आत नेलं. बिरदेवचा जीव मालात अडकला होता, तो यार्डाकडं गेला. सुलाबाई बाहेरच्या बाकावर बसली. शेजारी एक गृहस्थ मांडीवर टोपली घेऊन बसले होते, टोपलीत मांजर. त्यांनी विचारलं, "तुमचं काय?"

"कुत्री. पिशवी काढत्यात."

"अरेरे," ते म्हणाले. भिंतीवर कुत्र्यांच्या जातींचा तक्ता होता. त्यात भुरीसारखं कुणीच नव्हतं.

हरिबाचा फोन आला. "काय म्हनला डॉक्टर?"

"आपरेशन चाललंय."

"आपरेशन? कुत्रीचं? येडी झालीस का?"

तिनं फोन बंद करून पदराच्या गाठीत बांधला. तिला राग आला नव्हता. पुढं बोलायला काही नव्हतं म्हणून बंद केला.

बराच वेळ गेला. मांजरवाले गृहस्थ जाऊन त्यांच्या जागी दुसरी माणसं आली. मग दार उघडून डॉक्टरीण बाहेर आली. कपाळावर घाम, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली. "निघाली. न फुटता निघाली. आता शुद्धीवर यायला पाहिजे." मग म्हणाली, "काही लोकांना बघायचं असतं. तुम्हाला बघायचीय का?"

"दावा," सुलाबाई म्हणाली आणि उठली.

स्टीलच्या ट्रेमध्ये ती होती. दोन फुगलेल्या नळ्या, एका टोकाला जोडलेल्या, जागोजागी दोरा बांधल्यासारख्या आवळलेल्या. वरून लालसर, मधे निळ्या शिरा. सुलाबाईनं मेंढरांची कातडी सोलली होती, आतडी धुतली होती, अडलेली कोकरं हातानं ओढून काढली होती. त्यामुळं तिला किळस आली नाही. "हात लावू?" तिनं विचारलं. डॉक्टरणीनं तिला हातमोजा दिला. तिनं एक बाजू उचलून बघितली. जड होती. एवढ्याशा कुत्रीच्या पोटात एवढं वजन, आणि ती दाराशी बसून माणसं ओळखत होती, गाड्यांवर भुंकत होती.

आपल्याला आता काहीतरी होईल, असं सुलाबाईला वाटलं. छातीत कालवेल, निदान डोळे तरी भरतील. ती ट्रेसमोर उभी राहून त्याची वाट बघत राहिली. काही झालं नाही. तिनं मोजा काढून दिला आणि म्हणाली, "बरं झालं दावलीसा."

खरी काळजी त्यानंतर सुरू झाली. भुरी शुद्धीवर येईना. अंग गार पडत चाललं. डॉक्टरणीनं गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून तिच्या कुशीला लावल्या, दिवा जवळ ओढला, पुन्हा पुन्हा ठोके बघितले. सुलाबाई विचारल्याशिवाय खाली बसली आणि दोन्ही तळव्यांनी भुरीचे पाय चोळायला लागली, थंडीत जन्मलेली कोकरं चोळायची तशी.

"चोळू का नगं?" तिनं चोळता चोळताच विचारलं.

"चोळा, चोळा. टाक्यांना हात लागू देऊ नका फक्त."

ती चोळत राहिली. बोटं दुखली तशी तळव्यांनी, तळवे भरून आले तशी मनगटांनी. उन्हं कलली तेव्हा बिरदेव मोकळा टेम्पो घेऊन परत आला आणि दारातच थबकला. आई फरशीवर मांडी घालून बसलेली, लुगड्यावर रक्ताचे डाग, आणि ओठातल्या ओठात कानडीत काहीतरी पुटपुटत होती. तान्ह्या कोकरांना आईच्या कासेशी लावताना बोलायची ते बोलणं. त्यानं ते लहानपणानंतर ऐकलं नव्हतं.

भुरीनं आधी कान हलवला. मग जीभ बाहेर काढली आणि आत घेतली. मग डोळा उघडला, पण तो कुठंच बघत नव्हता.

"आली," डॉक्टरीण म्हणाली आणि स्वतःच भिंतीला टेकून खाली बसली.

त्या दिवशी भुरीला तिथंच ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सोडलं. गळ्याभोवती प्लास्टिकचा मोठा नरसाळ्यासारखा पट्टा, पोटावर पट्टी. दारातून जाताना तो पट्टा चौकटीला धडकायचा आणि भुरी गोंधळून जागच्या जागी उभी राहायची. सुलाबाई दूधभात कालवून हातानं भरवायची. हरिबा खाटेवरून बघायचा. नंतर एकदा भुरीच्या पट्ट्याला लागू नये म्हणून त्यानं दाराजवळची पाण्याची घागर उचलून आत ठेवली.

भुरीचे टाके काढून आल्यावरची गोष्ट. दिवस मावळत होता. हरिबा बाहेर खाटेवर तंबाखू मळत बसला होता. सुलाबाई उंबऱ्यावर.

"आवं, एक इचारू?"

"इचार की."

"माझी पिशवी काढली, तवा डॉक्टरनं तुमाला आत बलावून दावली हुती न्हवं?"

हरिबाचा अंगठा थांबला. "व्हय. लय जुनी गोष्ट. आता कशापायी?"

"कशी हुती?"

"कशी म्हंजी? नासल्याली हुती. सांगितलं हुतं की तवा."

"रंग कसला हुता?"

हरिबानं मळलेली तंबाखू पुन्हा मळायला घेतली.

"केवढी हुती? मुठीएवढी का मोठी?"

तंबाखू हातातच राहिली. शेडच्या पत्र्यांतून दिवसभराचं ऊन कडकड वाजत उतरत होतं. हरिबा म्हणाला, "म्या बघितली न्हाई, सुला."

तो तिला नावानं क्वचितच हाक मारायचा.

"त्यानं ट्रे म्होरं केला, वरचं फडकं काढलं. म्या मान फिरवली. बकरी कापणारा माणूस मी, पर मला बघवंना. तुझ्या पोटातलं ते. 'बघितलं का?' म्हनला. 'बघितलं' म्हनलो."

"मग नासल्याली हुती म्हणून कुनी सांगितलं?"

"त्योच म्हनला. म्हणून म्याबी म्हनलो. सगळ्यास्नी तेच सांगत आलो."

इतकी वर्षं सुलाबाई एक गोष्ट धरून चालली होती. आपण बघितली नाही, पण घरच्या माणसानं बघितली आहे. नासली होती म्हणून काढली. आता तेही उरलं नाही. आत काय होतं ते एका अनोळखी डॉक्टरला ठाऊक, आणि तो दवाखाना बंद होऊन तिथं मोबाइलचं दुकान झालेलं तिनं स्वतः एसटीतून जाताना बघितलं होतं. खरंच काढावी लागली की उगाच काढली, हे आता या जन्मात कळायचं नाही.

हरिबा तिच्या तोंडाकडं बघत होता. ती ओरडेल, शिव्या देईल, अशी त्याची तयारी दिसत होती. तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"वाढू का जेवायला?" ती म्हणाली.

त्या रात्री तो जेवला नाही. ती जेवली.

दुसऱ्या दिवशी निवडणीला बसल्यावर, पंख्याच्या आवाजात, समोरचा बेदाणा बोटांनी सारता सारता सुलाबाई एकदम बोलायला लागली. आपणहून ती कधी बोलायची नाही, म्हणून आधी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. भुरीचं सगळं सांगितलं. ट्रे, हातमोजा, वजन. मग त्याच आवाजात, तशीच निवडत, स्वतःचं सांगितलं. हरिबानं मान फिरवली, तेही.

कुणाचे हात थांबले नाहीत. जरा वेळानं शेजारची रंगूबाई, जी हंगामभर फक्त सुनेच्या तक्रारी सांगायची, खाली बघतच म्हणाली, "माझीबी काढलीया. लेकाच्या लग्नाआधी."

"कुनी बघितली?"

"कुनास ठावं. म्या तर इचारलंच न्हाई."

पलीकडच्या बाजूनं आणखी एक बाई म्हणाली, "माझीबी." मग तिच्यापुढच्या बाईनं काही न बोलता नुसतं बोट वर केलं, शाळेत हजेरीला करतात तसं, आणि पुन्हा बेदाण्यात घातलं. कुणी रडलं नाही. मालकाची गाडी आत आली तशी बायकांनी पदर सारखे केले. रंगूबाईनं आपल्या पुढ्यातला थोडा माल सुलाबाईकडं सरकवला, कारण तिचा निवडून संपत आला होता.